तांबडी कुणाला पान्हा सोडते

माझी थोरली जाऊ म्हणजे सासूबाईंच्या गळ्यातला ताईत. उठता-बसता तिचंच कौतुक, आणि इकडे माझ्या अंगाचा तिळपापड. दिसायला मी उजवी, शिकलेली मी; पण गोठ्यातली तांबडी गाय पान्हा सोडायची ती थोरलीलाच. मी बसले की लाथ ठरलेली.

गेल्या साली तांबडीचं वासरू गेलं. त्याच्या कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढे उभं करू, म्हणजे दूध देईल, असं मी सुचवलं. सगळे तसंच करतात. थोरली म्हणाली, "लेकरू गेलंय गं तिचं. वर आपण तिला फसवायचं?" तिने मेलेलं वासरू गाईला हवं तेवढं हुंगू दिलं, चाटू दिलं, आणि दिवसभर तिच्याजवळ बसून राहिली. तिसऱ्या दिवशी बादली भरली.

"तुम्हाला जनावराच्या मनातलं कळतं म्हणे," मी टोमणा मारला.

"छे! माणसाचं कळत नाही, तिचं कुठलं कळायला? कळत नाही म्हणूनच जपून वागते."

घ्या! म्हणे, कळत नाही म्हणून जपते!

मग थोरली डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस गेली. म्हटलं, आता दाखवतेच. तिचा जुना स्वेटर अंगात घातला आणि धार काढायला बसले. तांबडीने बाही हुंगली, दोन धारा दिल्या, मग मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि दिली बादली उडवून! संध्याकाळपर्यंत कास दगडासारखी झाली. हात लावला तर कातडी थरथरली. मला रडूच फुटलं. स्वेटर काढून फेकला.

"मी ती नाही, बाई! मला तर ती डोळ्यांसमोर नको असते. पण तुला दुखतंय, तेवढं काढू दे."

कोमट पाण्याने कास शेकत राहिले. बऱ्याच वेळाने पान्हा सुटला. पुढे रोज सुटला.

थोरली परतली ती थेट गोठ्यात. तांबडीने तिला हुंगलं, मागे सरकली, आणि माझ्या खांद्याला तोंड घासलं. सासूबाईंच्या देखत! नऊ वर्षं मी याचीच वाट बघत होते. मी थोरलीच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं. एकदा तरी जळू दे हिला, एकदा तरी.

"माझ्या अंगाला औषधाचा वास येतोय. घाबरली बिचारी," ती म्हणाली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. "तूच काढ. तुझा हात बसलाय आता."

मी खाली बसले. बादली भरत होती, सासूबाई माझं कौतुक करत होत्या, आणि माझा जळफळाट काही थांबेना. मेली माझा साधा हेवासुद्धा करत नव्हती.