माह्या गाण्यातला नवरदेव वापस आलाच नाही

आता कसं सांगू राजेहो, माह्या लग्नाची गाडी एका पिक्चरच्या गाण्यात फसली होती! हसू नका, आधी ऐका.

महाराष्ट्र नवानवाच झालता. आमच्या धामणगावात तंबूची टॉकीज आली. डाकूचा एक पिक्चर लागला. मी तो पाह्यला अन् त्याच्यावर विडंबन रचलं. सगळी स्टोरी गाण्यात! पोळा असो का बारसं, लोक मलेच उभं करत. मी तं सोताले शाहीरच समजत होतो.

अशात पिंपळगाव राजाले पोरगी पाह्यले गेलो. आधी दोन घरून नकार आलता, म्हणून मामाले सोबत घेतलं. पोरगी पोहे देऊन गेली. मले तं एका नजरेत पसंत! पण तिचे वडील गणपतराव? मिशा अशा, की तोंड उघडाची हिंमत होईना.

मामाले काय अवदसा आठवली कोणास ठाऊक! म्हणे, "आमचा भाचा पिक्चरचं गाणं म्हणते!" बायका दाराशी जमल्या. मी घसा साफ केला अन् टाळ्या घेणारं शेवटचं कडवंच लावलं,

"मांडव सजला, वाजा वाजला, पोरगी बसली नटून,
शहाणा रे शहाणा नवरदेव, गेला घोड्यावर सुटून!"

कोणीच हसलं नाही. गणपतरावानं बशी खाली ठेवली.

"पाहुणे, पोरगी पाह्यले आले अन् मांडवातून पळणाऱ्याले शहाणा म्हणता?"

"पिक्चरात तसंच हाय जी!"

"पिक्चर आम्हीबी पाह्यला. नवरदेव डाकूच्या मांगं जाते अन् त्याले धरून वापस येते."

"नाही येत जी! मी शेवटपर्यंत बसलो होतो!"

आता मले सांगा, कायले वाद घालाव? ज्याची पोरगी मागाची, त्यालेच खोटं पाडून राह्यलो! अन् मामा? छाती काढून म्हणते, "तुमच्या गावात आला असन. आमच्या गावात नाही आला!"

गणपतराव उठले. खुंटीवरचा फेटा काढला. म्हंजे बैठक खतम!

तेवढ्यात आतून पोरगी बोलली, "बाबा, थांबा. पिक्चरची रिळं एसटीनं येतात. ह्यायच्याकडे शेवटचं रीळ पोचलंच नसन."

अरे देवा! तव्हा आठवलं. त्या दिशी तंबूवाला घडीघडी रस्त्याकडे पाहे. एसटी कुठंतरी बिघडली होती. मंग त्यानं बत्ती लावली अन् ओरडला, "खेळ खलास!" आख्खं गाव धोतर झटकून घरी गेलं. कोणी विचारलं नाही, काऊन बे, शेवट कुठं गेला?

गणपतराव दारातच उभे. "मंग आणा त्याले वापस. आत्ता. गाण्यात."

पोरगी हातची जाते का राह्यते, सगळं दोन ओळीवर! कसंबसं म्हटलं,

"डाकू धरला, घाम पुसला, आला घोडा पळवून,
खुळा रे खुळा नवरदेव, आला माघारी वळून!"

आत पोरगी खळखळून हसली. गणपतरावच्या मिशा हालल्या. फेटा खुंटीवर गेला.

लग्न झालं, नातवंडं झाली. पण आजही मी बाजाराची थैली उचलली, की बायको दारात येऊन विचारते, "वापस येता ना जी, का धामणगावचाच शेवट?"