किल्लेदारणीची मूर्च्छा

वसतिगृहातली पोरं कृष्णकांत दाणीला पाठीमागे ‘आईसाहेब’ म्हणायची आणि तो समोर आला की मुकाट खाटेवरचे पाय खाली घ्यायची. वर्ध्यातलं ते वसतिगृह, त्यातलं हौशी नाट्यमंडळ आणि त्या मंडळाचं एकच एक नाटक. दर हिवाळ्यात तेच, कारण मंडळाच्या पेटीत कपडे तेवढ्याच नाटकाचे होते. त्यातली किल्लेदारणी तीन वर्षं कृष्णकांतनं केली.

तिसऱ्या अंकात किल्लेदारणी सूप घेऊन तांदूळ पाखडत बसलेली असते. जासूद येतो, मुलगा लढाईत कामी आल्याचं सांगतो. ती एवढंच विचारते, “आणि घोडं? घोडं एकटंच परत आलं?” आणि मूर्च्छा येऊन पडते. ही मूर्च्छा बघायला पुलगावाहून माणसं यायची. आधी सूप सुटायचं, मग गुडघा, मग कंबर, आणि सगळ्यांत शेवटी, पाणी सांडावं तसा हात. एकदा पहिल्या रांगेत बसलेले डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले होते. शेजारच्या माणसानं कोट धरून त्यांना खाली बसवलं.

ती मूर्च्छा कुठून आली हे मात्र कृष्णकांतला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं नसतं. तो बोरगावला बंडोपंतकाकांकडे वाढला. काका शाळेत मास्तर. कृष्णकांत आठ वर्षांचा असताना एका दुपारी आर्वीहून माणूस निरोप घेऊन आला, की कृष्णकांतची आई गेली. यशोदाकाकू उंबऱ्यातच कोसळल्या. सगळं घर धावलं. कुणी पाणी आणलं, कुणी कांदा फोडला, कुणी पंखा घेतला. कृष्णकांत खांबापाशी पाटी धरून उभा होता. गेली ती त्याची आई होती. पाणी काकूंना मिळालं. त्याला काही पडता आलं नव्हतं. पुढं कितीतरी दुपारी, घरात कुणी नसताना, तो गाद्यांच्या खोलीत पडायला शिकला.

यंदा चौपन्न साल. कृष्णकांतचा आवाज फाटला होता आणि सकाळी घोटलेली दाढी दुपारी निळी दिसायची. मंडळाचे चिटणीस हरिभाऊ चाचरत म्हणाले, “दाणी, अरे, यंदा तू जरा... पुस्तक सांभाळ. विंगेतून. आणि कोणाला तरी तयार कर.”

“कोणाला?”

“ते तूच पाहा बाबा. तुला पसंत पडणारा माणूस शोधायचा म्हणजे आमच्यानं होणार नाही.”

त्यानं शोधलं ते खानावळीत. वरण संपलं म्हणून नव्या पोरांपैकी एकजण ओरडला, तो आवाज भिंतीवर आपटून परत आला. नाचणगावचा चिंधू भोयर. शेतकऱ्याचा पोरगा, काळासावळा, मान ताठ. सरदाराचं काम मिळेल म्हणून मंडळात आला होता.

“मी बाई काऊन होऊ?” चिंधूनं विचारलं.

“सरदाराच्या तोंडी सहा वाक्यं आहेत. तिच्या तोंडी सगळं नाटक.”

चिंधूनं जरा विचार केला. “बरं जी. पण मी कोणाच्या शिव्या खाणार नाई.”

“शिव्या मी देत नाही,” कृष्णकांत म्हणाला. “परत करायला लावतो.”

आणि लावलं. कॉलेज सुटलं की खानावळीची बाकं भिंतीला लावायची, चिंधूला नऊवारी नेसवायचं, आणि सुरू.

“चाल.”

“चालून तं राह्यलो.”

“नांगरामागं चालतोयस. परत.”

“बाया अशा लचकत चालते काय जी? माही माय विहिरीवरून पाण्याचे दोन गुंड डोक्शावर घेऊन येते. लचकली तं गुंड पायावर!”

जासुदाचं काम करणारा नत्थू खो खो हसला. कृष्णकांत हसला नाही.

“तुझी माय मागच्या रांगेतून दिसत नाही. इथं चेहरा उजेडात पाहिजे, हात उजेडात पाहिजेत. गॅसबत्ती इकडं टांगलेली असते. तोंड भिंतीला नाही, बत्तीला. परत.”

“तुमाले थकवा नाई येत काय हो?”

“परत.”

चालणं जमलं. सूप धरणं जमलं. बत्तीकडं पाऊण वळून बसणं तर असं अंगात मुरलं, की चिंधू जेवतानाही खिडकीकडं पाऊण वळून बसू लागला आणि पोरं त्याची नक्कल करू लागली. अडलं ते एकाच जागी.

“पड.”

“नाई पडत.”

“लागेल म्हणून भितोस?”

“भेत नाई मी कोणाले.” चिंधूनं सूप खाली ठेवलं. “पण खरी बाई नाई पडत. माह्या आधीचे दोघं गेले, म्हणून तं माहं नाव चिंधू ठेवलं. माह्या पाठचा गेला तवा मी तिथंच होतो. माय जवारी पाखडून राह्यली होती. बाबानं येऊन सांगितलं. ते पाखडतच राह्यली. सूप खाली नाई ठेवलं तिनं. जवारी सरली तरी रिकामं सूप पाखडून राह्यली.”

 नत्थू उगाच आपली दाढी चाचपत बसला.

“आणि तुला पाणी कोणी दिलं?” कृष्णकांतच्या तोंडून निघून गेलं.

“मले?” चिंधू गोंधळला. “मले कायले पाणी?”

“काही नाही. सांगून झालं ना? आता पड.”

चिंधूनं लुगडं तिथंच फेडलं आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी आपणहून आला, निमूट नेसला, पण गुडघा काही वाकेना. हरिभाऊंनी हात जोडले, “दाणी, सोड ना! बसूनच करू दे. लोकांना काय कळतंय?”

“लोक त्याच्यासाठीच येतात, हरिभाऊ.”

ते खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. एप्रिलात परीक्षा झाली की कृष्णकांत हिंगणघाटला जायचा होता. काकांनी एका जिनिंगमध्ये कारकुनी ठरवून ठेवली होती. तिथं नाटक नाही, मंडळ नाही. चार वर्षं वर्ध्यात राहून त्याला जिवाभावाचा असा एक मित्र नव्हता. पोरं त्याला वचकून होती, एवढंच. मागं काही राहणार असेल तर ती मूर्च्छा राहील. चिंधूनं घेतली तर. नाही घेतली, तर तो इथं होता की नव्हता, सारखंच.

प्रयोगाच्या दिवशी रंग लावताना त्यानं विचारलं, “पडशील?”

चिंधू आरशातून म्हणाला, “पाहीन.”

मैदानावर मांडव भरला. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. पहिले दोन अंक झकास गेले. तिसऱ्यात चिंधू सूप घेऊन बसला, नत्थू धापा टाकत आला आणि त्यानं निरोप सांगितला.

“आणि घोडं?” चिंधू म्हणाला. “घोडं एकटंच परत आलं?”

विंगेत कृष्णकांतचा स्वतःचा गुडघा वाकला. चिंधूचा वाकला नाही. सूप हललं. तांदूळ वर गेले, खाली आले. परत वर.

“पड,” कृष्णकांत कुजबुजला. “पड रे.”

मागून कुणीतरी ओरडलं, “विसरला बे पोट्टा!” थोडं हसू पसरलं. चिंधू पाखडत राहिला. त्यानं सूप जरासं तिरकं केलं, तांदूळ हळूहळू मांडीवरून खाली ओघळले, आणि रिकामं सूप तसंच वरखाली होत राहिलं. सुपाचा तेवढा आवाज. हसू कधी थांबलं ते कळलं नाही. बायकांच्या बाजूला कुणीतरी जोरानं नाक ओढलं.

कृष्णकांतच्या हातात पुस्तक होतं आणि सांगायला काही नव्हतं. तो बघत होता. चेहरा बत्तीकडं पाऊण वळलेला. दोन्ही मनगटं उजेडात. कोपर अंगापासून सुटं, मागच्या रांगेला सूप दिसावं म्हणून. बाईचं दुःख नाचणगावचं होतं. बसणं कृष्णकांतचं होतं. आणि हे त्या सगळ्या मांडवात त्याच्या एकट्याशिवाय कुणाला दिसत नव्हतं.

पडदा पडला तशी पोरांनी चिंधूला खांद्यावर घेतलं. स्टेशनसमोरच्या हॉटेलात चहा ठरला. कृष्णकांत रंगपटात एकटा राहिला, घामानं भिजलेलं लुगडं दांडीवर घालत. चिंधू टोपी विसरला म्हणून परत आला.

“रागावले काय?”

“पदर दुसऱ्या अंकात दोनदा घसरला.”

“आन् तिसऱ्यात?”

“तिसऱ्यात तू बत्तीकडं वळून बसलास.”

“नाई जी. म्या आपलं मायवानी केलं. जसंच्या तसं.”

“तुझी माय पाखडताना कुणीकडं तोंड करून बसते?”

चिंधूनं आठवून पाहिलं. “भिताडाकडं.”

“मग?”

चिंधूच्या कपाळाला आठी पडली.  मग त्यानं टोपी ताठ डोक्यावर ठेवली. “मले नाई मालूम. म्या आपल्या मनानं केलं.” दारात जाऊन तो थांबला. “चहाले येता काय?”

“लुगडं वाळवायचं आहे.”

“बरं,” चिंधू म्हणाला आणि लगेच गेला. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर कृष्णकांत गेला असता.

सकाळी तो गॅसबत्त्या परत करायला मैदानावर आला. मांडववाल्याचा गडी तानबा कनाती सोडत होता. छत निघालं होतं. फळ्यांचा मंच तेवढा उघड्यावर, उन्हात, पाट मांडून ठेवावा तसा. कृष्णकांत वर चढला. समोर रिकामी जमीन, शेंगांची टरफलं, एक कुत्रं.

“आणि घोडं?” तो फाटक्या आवाजात म्हणाला. “घोडं एकटंच परत आलं?”

आधी हातात नसलेलं सूप सुटलं, मग गुडघा, मग कंबर, आणि सगळ्यांत शेवटी, पाणी सांडावं तसा हात.

“अरे बाप्पा!” तानबा दोर टाकून धावत आला. “ओ भाऊ! ओ मास्तर! काय झालं जी?” त्यानं कृष्णकांतची मान उचलली, आपल्या मळक्या उपरण्यानं वारा घातला, मातीचं मडकं आणलं, वाटी भरली आणि त्याच्या ओठाला लावली. “प्या. हळू. सकाळपासून पोटात काई नाई वाटते?”

कृष्णकांतनं डोळे उघडले. नाटक होतं, असं सांगायला हवं होतं. त्यानं वाटी दोन्ही हातांनी धरली आणि पाणी पिऊन टाकलं.

“आणखी?”

“हो.”

“घरी कोण आहे तुमच्या?”

“आहेत सगळे.”

तानबानं वाटी पुन्हा भरून दिली. मंचाच्या त्या टोकापासून फळ्या उचलायला त्यानं सुरुवात केली. कृष्णकांत उठू लागला तसा तो तिकडूनच ओरडला, “बसा जी, बसा! घाई काई नाई. तुमच्या खालची फळी शेवटी काढतो.”