गेनूला न सोसणारं दूध

हिर्डोशीच्या फुलाबाईची तान्ही लेक तापात गेली, आणि त्याच आठवड्यात भावकीतल्या कुंडलिकाची बायको बाळंतपणात वारली. मागं राहिला गेनू. त्याला म्हशीचं दूध पाजलं की अंगभर गांधी उठत, ओठ सुजत, घशात घरघर लागे. गाईचं, शेळीचं देऊन पाहिलं, तीच गत. कुणी म्हणालं, आईच न्यायला आलीय. भोरच्या वैद्यांनी मात्र सांगितलं, "याला जनावराचं दूध सोसत नाही. थेंबभरही देऊ नका."

कुंडलिक पोर घेऊन फुलाबाईच्या दारात उभा राहिला. तिनंच हात पुढं केले.

गेनू तिच्या अंगावरच्या दुधावर वाढू लागला. आपण ताक प्यालो की पोराच्या गालांवर पुरळ येतं, हे ध्यानात येताच तिनं दही-ताक सोडलं. दात आल्यावर ती त्याला नाचणीची पेज, मऊ भात, मुगाचं कढण भरवी. कुणी खिरीचं बोट चाटवील म्हणून लग्नकार्यात त्याला कडेवरून उतरवत नसे. तो तिला आई म्हणायचा.

तो अडीच वर्षांचा असताना कुंडलिकानं उत्रोलीच्या चंद्राबाईशी लग्न केलं. सासऱ्याची भातशेती बघायला तो तिकडंच निघाला. दोघं पोराला न्यायला आली.

फुलाबाईचा नवरा मानसिंग तिला परसात हळूच म्हणाला, "दुधाचं तिला नीट सांगू नगंस. चार दिसांत आणून सोडतील."

"आन् सोडायला पोर ऱ्हायलंच न्हाई तर?"

ती आत गेली आणि चंद्राबाईला सगळं सांगत बसली.

"तूपबी न्हाई का, आक्का?"

"न्हाई. दुधात बुडवल्याली पळीबी त्येच्या भातात घालू नगंस. सणाला तर डोळ्यांत तेल घालून बघ."

चंद्राबाईनं एकेक गोष्ट पुन्हा विचारून घेतली. बाई चांगली होती. फुलाबाईला तिच्यात नाव ठेवायला काही सापडेना.

दोन वर्षांनी फुलाबाई उत्रोलीला गेली. गेनू अंगानं भरला होता. तिला बघून तो चंद्राबाईच्या पदराआड लपला.

"आई, ही कोण?"

चंद्राबाई कानकोंडी झाली. "आरं, ही तुजी..."

"ऱ्हाऊ दे," फुलाबाई म्हणाली. "पोराला बरं ठिवलंस, बाई."

घरी पोचल्यावर मानसिंगानं विचारलं, "वळखलं का गं त्यानं?"

ती पाय धुऊन भिंतीला टेकून बसली. मग मानसिंगानंच उठून चूल पेटवली.