धुरपदाचा हातीचोक

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं जे काही केलं ते भांडण होतं, आणि तेही विस्तवावरून. माघातली संध्याकाळ होती, हुरड्याचे दिवस संपत आलेले. शेतातल्या आगटीत गवऱ्यांचा आर धगधगत होता आणि त्यात आमचं गाडगं पुरलेलं होतं. गाडग्यात हातीचोक. मी वरून दोन गवऱ्या जास्तीच्या सरकवल्या, तशी माझी बायको धुरपदा म्हणाली, "आवो, भाजायचं हाय का जाळायचं हाय? लोहाराची भट्टी लावल्यावानी काय करायलाव?" मी म्हणालो, "इतकी वर्सं आर मीच घालतोय." ती म्हणाली, "म्हणून तर इतकी वर्सं बूड करपतंय." गाडगं काढलं तर बूड करपलेलं होतंच. करपलेले दोन तिनं माझ्यापुढं सारले, चांगले दोन स्वतः घेतले, आणि आम्ही बोटं चाटत खाल्लं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती ओसरीवर लसूण सोलत बसली होती. सोलता सोलता भिंतीला टेकली आणि गेली. आमच्या सुनेला, कौसाला, वाटलं सासूचा डोळा लागला. मी शेतात होतो. आमचा पोरगा किसन बांधावरून पळत येताना दिसला, तेव्हाच मला कळलं... कारण किसन कधी पळत नाही. बैल सुटला तरी तो चालत जातो.

याला आता महिना होऊन गेला. पेपरात लोक आपल्या गेलेल्या माणसावर लिहितात, ती माणसं मोठी असतात. धुरपदा काही मोठी नव्हती. पण आमच्या शिरूर कासारच्या कोरड्या रानात हातीचोक पिकवून, भाजून, माणसांना खाऊ घालणारी दुसरी बाई मी तरी पाहिली नाही. म्हणून लिहितो. माझी शाळा निजामाच्या राज्यातली, उर्दूतून, ती पण दोनच बुकं. मराठी अक्षर मागून गिरवलं. तेव्हा वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं, नाही घेतलं तरी चालंल.

हातीचोक म्हणजे काय, ते आधी सांगतो. करडई तुम्ही पाहिली असेल. तिचं काटेरी बोंड डोळ्यापुढं आणा आणि ते पेरूएवढं करा, एखादं नारळाएवढं. पानावर पान, पानावर पान, आणि प्रत्येक पानाच्या शेंड्याला काटा. ही गोऱ्या लोकांची भाजी. धुरपदाचा बाप सिरसाळ्याचा, पण पोट भरायला मोमिनाबादला राहायचा. मोमिनाबाद म्हणजे आताचं आंबाजोगाई. तिथं तेव्हा छावणी होती आणि एका साहेबाच्या बागेत तो माळी होता. बोंडं वाढवायची, कोवळी असताना कापायची आणि टोपली बंगल्याच्या मागल्या दाराशी ठेवायची, एवढंच त्याचं काम. आत त्याचं काय करतात हे त्याला कधी कळलं नाही. साहेब एक-एक पान ओढतो, तोंडाला लावतो आणि टाकून देतो, एवढं त्यानं खिडकीतून बघितलेलं. धुरपदा दिवाळीच्या पुढं नांदायला आली तेव्हा बापानं लेकीसोबत या झाडाची पाच-सहा फुटवी दिली, ओल्या पोत्यात गुंडाळून. दुसरं द्यायला त्याच्याकडं काही नव्हतं.

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, यांनी पोतं उघडून पाहिलं आणि म्हणाले, "व्याह्यानं पोरीसंगं काटे धाडले. आमच्या रानात काट्याला तोटा हाय का?" पण पोरगी नवी होती, म्हणून विहिरीजवळ एक लहान वाफा तिला दिला. आमच्याकडं पाणी म्हणजे काय, हे शिरूरच्या माणसाला सांगायला नको. मोटेचं पाणी, तेही शिमग्यापर्यंत. त्यातला घोट या काट्यांना जातोय हे दादांना रोज दिसायचं आणि ते रोज बोलायचे. धुरपदा पदर पुढं ओढून ऐकून घ्यायची आणि झाडाच्या बुडाशी राख घालायची. माहेरचं म्हणून या घरात तिचं तेवढंच होतं.

पहिल्या वर्षी बोंडं धरली. ती मला म्हणाली, "आता कापाया पायजेत. माहेरी आमचे दादा हिरवीच कापायचे." मी आमच्या दादांना सांगितलं. ते म्हणाले, "हिरवी करडई कापताना बापजन्मी कुणाला बघितलंस का बे? वाळू दे. एवढ्या बोंडाची करडई म्हणजे घाण्याला पोतंभर बी निघंल." घर दादांचं, शब्द दादांचा. आम्ही थांबलो. बोंडं उकलली आणि त्यातून ताटलीएवढी जांभळी फुलं निघाली. गाव बघायला आलं. मधमाश्या आल्या. मग फुलं वाळली, आणि दादा पायाला चिंध्या गुंडाळून, करडई काढायला जातात तसे, मोठ्या थाटात बोंडं काढायला गेले. आत निघाला कापूस. नुसता खाजरा कापूस. बी होतं, पण ते तेलापुरतं सोडा, दिव्याच्या वातीपुरतं नव्हतं. दादा दिवसभर मान खाजवत होते आणि कुणाची हसायची हिंमत नव्हती. संध्याकाळी त्यांनी निकाल दिला, "येत्या हुरड्यापातुर या झाडाचं काई खाया निघालं तर ठीक. न्हाई निघालं तर वाफ्यावर नांगर."

त्या वर्षी धुरपदानं काय-काय केलं ते मी बघितलंय. कोवळ्या पानांची करडईसारखी भाजी करून पाहिली, कडू जहर. पुढल्या पौषात बोंडं धरली ती हिरवीच कापली, चिरून फोडणीला टाकली, तर लाकूड. बेसन लावलं, बेसन वाया गेलं. हे सगळं दादा घरात नसताना. मी आपला गुपचूप खायचो. "कसं झालंय?" विचारलं की मी म्हणायचो, "बैलाला आवडंल." ती चिडायची, पण पुन्हा करायची. शेवटी एक दिवस शेवग्याची आमटी होती. मी शेंग दाताखाली धरून ओढत होतो आणि ती माझ्या तोंडाकडं बघत बसली. मला वाटलं, काही लागलंय का तोंडाला. ती म्हणाली, "साहेब पान तोंडाला लावून टाकून देतो... चघळून टाकत आसंल वो. शेंगेवानी."

मग हुरड्याच्या दिवशी तिनं हे केलं. बोंडांचे शेंडे विळ्यानं उडवले, काटे गेले. मिठाच्या पाण्यात बुचकळली आणि दगडावर उलटी दाबली, म्हणजे पानं सुटी होतात. शिळ्या भाकरीचा चुरा घेतला, त्यात ठेचलेला लसूण, भाजून कुटलेली कारळं, तिखट, मीठ आणि करडईचं तेल. हे पानापानात कोंबलं. गाडग्यात बोंडं उभी लावली, खाली दोन बोटं पाणी, वर झाकणी, झाकणीला कणकेचा लेप. आणि गाडगं आगटीत पुरून वरून आर. बाकी काही करायचं नाही. लसणाचा वास सुटला की काढायचं. इतकं सोपं आहे ते, आणि त्यासाठी पोरीनं वर्ष घातलं.

दादा कणसं चोळत बसले होते. त्यांच्यापुढं मी एक बोंड ठेवलं. धुरपदा कडब्याच्या गंजीआड उभी, तिची बांगडी पण वाजत नव्हती. मी पान ओढून दातानं ओरपून दाखवलं. दादांनी एक पान ओढलं, ओरपलं, टाकलं. दुसरं ओढलं, तिसरं ओढलं. हुरडा तसाच गार होत होता. त्यांच्यापुढं चोथ्याचा ढीग झाला. मग हात धुतले, मिशा पुसल्या आणि गंजीकडं न बघता मला म्हणाले, "तिला म्हणावं, पुढल्या वर्षी थारोळ्याच्या कडंला लाव. मोट रिकामी होती तिथं पाणी जास्त मुरतं." गंजीआडून हसू ऐकू आलं. दादांना पण आलं असणार, पण ते खाली बघून उगाच कणसं चोळत राहिले.

आता मोठी गंमत पुढं आहे. पानं ओरपून झाली की मधे एक गड्डा राहायचा आणि त्यावर थोडी लव. पहिल्या वर्षीचा खाजरा कापूस कुणी विसरलं नव्हतं. दादांनी सांगून ठेवलं होतं, मधलं तोंडात घालायचं नाही, घशाला खाज सुटते. मग ते गड्डे जायचे आमच्या म्हशीपुढं. ती वाट बघत उभी असायची. अशी बरीच वर्षं गेली. दादा गावभर सांगायचे, "आमच्या म्हशीच्या दुधाला तोड न्हाई."

एकदा तहसीलदाराचा दौरा गावात उतरला. आंबराईत तंबू पडले. सरकारी तळाला दूध, लाकडं, कडबा गावानं द्यायचा, असा तेव्हाचा कायदा, आणि दूध आमच्या म्हशीचं गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा खानसामा स्वतः गोठ्यात आला. दूध कुठल्या जनावराचं आहे ते बघायचं म्हणाला. करीमचाचा त्याचं नाव, दाढी मेंदीनं लाल, जन्म गोऱ्यांच्या स्वयंपाकघरात गेलेला. म्हैस गड्डे खात होती. चाचा तिच्या तोंडाकडं बघतच राहिला. मग खाली वाकून त्यानं एक गड्डा उचलला, पुसला, नखानं वरची लव काढली आणि धुरपदाला म्हणाला, "ये क्या किये बाई? पत्ते चूस को कलेजा भैंस कू डाल दिये?" त्यानं चिमूटभर मीठ मागितलं, गड्डा तिथंच दावणीपाशी उभ्यानं खाल्ला आणि डोळे मिटले. दादा म्हणाले, "आता खाजवंल." चाचा काही खाजवेना. त्यानं दुसरा उचलला. म्हशीनं त्याला शिंग दाखवलं.

त्या दिवशी आमच्या घरात पहिल्यांदा मधला गड्डा खाल्ला गेला. मी तुम्हाला चव सांगू शकत नाही. शेंगदाणा नाही, बटाटा नाही, लोण्यात दोन्ही मिसळल्यासारखं काहीतरी. दादांनी खाल्लं, गोठ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "रांडेच्या म्हशीनं कदी सांगितलं न्हाई." धुरपदा सासऱ्यापुढं कधी मोठ्यानं हसली नव्हती, ती त्या दिवशी हसली. इतकी हसली की खाली बसली. तेव्हापासून कलेजा पहिला दादांचा, म्हातारा जाईपर्यंत. म्हशीनं मात्र आठ-पंधरा दिवस धड दूध दिलं नाही.

पुढं हाच हातीचोक आमच्या घराची शान झाला. पाहुणा आला की दादाच सांगायचे, "सूनबाईला म्हणावं गाडगं लाव." थोरली पोर बघायला परळीकडचे पाहुणे आले होते, वैजनाथाला दुकान असलेले. कसं खायचं ते त्यांना कुणी सांगितलं नाही आणि विचारायला त्यांना लाज. मुलाच्या बापानं अख्खं पान तोंडात घातलं आणि चावायला लागला. चावतोय, चावतोय, कडबा चावल्यासारखा... डोळ्यात पाणी आलं, पण गिळलं. वर म्हणाला, "लई गोड हाय." आतून धुरपदा मला हळूच म्हणाली, "पोरगी द्या त्यांला. आपल्या पोरीचं काई बी झालं तरी हे मानूस वाईट बोलनार न्हाई." दिली. आणि खरंच कधी बोलला नाही.

दुष्काळाची सालं आली. विहिरीनं तळ दाखवला, तेव्हा धुरपदा खरकट्याचं, अंघोळीचं पाणी घागरीत भरून शेतात न्यायची. वाटेत बाया टोमणे मारायच्या, "धुरपदे, काट्याला न्हाऊ घालती का?" ती म्हणायची, "हां बाई, माहेरचे पाव्हणे हायेत." मोठी झाडं उन्हानं जळाली, पण बुडातली फुटवी तिनं सावलीत पोत्याखाली जगवली, आणि पावसानंतर पुन्हा वाफा भरला. आता जी झाडं आहेत ती त्याच फुटव्यांची फुटवी. कौसाला ती झाडं कधी आवडली नाहीत. लुगडं फाटतं म्हणायची.

...ती गेली त्या रात्री भावकीनं कडू घास आणला. माणूस गेल्यावर आमच्यात घरची चूल पेटत नाही, भाऊबंद पिठलं-भाकरी आणतात आणि घरच्यांना बळंच दोन घास खाऊ घालतात. मला एकही गिळवला नाही. भाकरी पुढं ठेवून मी तसाच बसून राहिलो. सकाळी उठलो तर ओसरीवर माणसं. लसणाच्या पाकळ्या कुणीतरी झाडून टाकल्या होत्या. बसून बसून माझ्या ध्यानात आलं की वाफ्याला पाणी देऊन चार दिवस झाले, आणि ऊन तर तापायला लागलेलं. मी उठून बैल सोडले. चुलतभाऊ म्हणाला, "कुठं निगालास बे? तिसरा झाल्याबिगर जू धरत न्हाईत. लोक काय म्हनतील?" मी म्हणालो, "म्हनू दे. तोंड दिलंय देवानं त्यांला."

मोटेचं काम दोघांचं असतं. एकानं बैल हाकायचे, दुसऱ्यानं वाफ्याशी उभं राहून दारं धरायचं, म्हणजे पाटाचं पाणी मातीनं अडवून हव्या त्या वाफ्यात वळवायचं. मी मोट हाकायचो, ती दारं धरायची. मी विहिरीवरून ओरडायचो, "आलं का गं?" ती तिकडून ओरडायची, "येऊ द्या." आमचा अर्धा संसार या दोन शब्दांवर झालाय. त्या सकाळी पहिली मोट थारोळ्यात ओतली आणि सवयीनं ओरडलो. मग बैल थांबवून पळत गेलो, तर पाणी सगळं शेजारच्या कांद्यात. पाट बुजवला, परत आलो, दुसरी मोट काढली, परत पळालो. पाणी माझ्याआधी जाऊन, घातलेली माती फोडून पुन्हा कांद्यात. मला राग आला, तिचाच आला. चिखलात उभा राहून मी तिला शिव्या दिल्या आणि माझं मलाच हसू आलं, म्हातारा माणूस विहीर आणि वाफ्याच्या मधे कुत्र्यासारखा पळतोय.

तेवढ्यात कौसा आली. मला वाटलं, बोलवायला आली. पण तिनं लुगड्याचा काचा मारला, चिखलात उतरली, खोऱ्यानं कांद्याकडचं तोंड बुजवलं आणि काट्यांच्या वाफ्याशी जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "मामा, बैल हाणा. मी धरती दारं."

मी मोट काढत राहिलो. ओरडायला मात्र तोंड उघडेना. तीच थोड्या वेळानं तिकडून ओरडली, "येऊ द्या."

ऊन वर चढेपर्यंत वाफा भरला. बैलांना पाणी पाजलं, सावलीत बांधलं, घरी आलो. रात्रीची भाकरी झाकून ठेवलेली होती, वाळून कडक झालेली. पाण्यात भिजवली आणि खाल्ली. सगळी खाल्ली.