एक हार ठेव

मी निवडणूक हरल्याचं कळलं आणि माझ्याच कार्यकर्त्यांनी माझ्यासाठी आणलेले हार टोपलीत भरले. जिंकलेल्याच्या दारी न्यायला.

"अक्का, इथं नुसते सुकतील," रामभाऊ खाली बघत म्हणाला.

"ने. पण एक ठेव."

"कुणाला?"

"मला. पाच वर्षं दिल्लीत भांडून गावात पाणी आणलं, ते विसरलास?"

हार मीच गळ्यात घातला आणि ओट्यावर बसले. समोरून जिंकलेल्याची मिरवणूक गेली.

आज बाजारात झेंडूचे ढीग बघून ते आठवलं. हार फक्त जिंकल्याचाच, हे ठरवलं कुणी? केलेल्या कामाचा का नसावा? त्या दिवशी मिरवणुकीतले लोक हसले, हसू देत. मी ओट्यावरून उठले नाही.

चौथी शिकलेली, एकदा निवडून आलेली, एकदा पडलेली खासदार मी.