डोंगरातले रविवार

मार्थे, आम्ही निघालो त्या दिवशी तू शहाद्याच्या मोटार स्टँडवर आली नाहीस. चुलीपाशी पाठमोरी बसून राहिलीस आणि मीही तुला उठवलं नाही. महाराष्ट्र राज्य व्हायच्या चार वर्षं आधीची ही गोष्ट. माझ्या लग्नाला दोन महिने झाले होते. मास्तरांना, म्हणजे तुझ्या मेहुण्यांना, मिशनने काठी गावाच्या पलीकडच्या एका पाड्यावर शाळा काढायला पाठवलं होतं. सामान म्हणजे एक ट्रंक, पाट्यांचं गाठोडं, कंदील आणि गीतांचं पुस्तक. आई मोटारीच्या खिडकीशी उभी राहून एवढंच म्हणाली, "जठे ऱ्हाशी तठे देव शे, बेटा." ट्रंकेला बांधलेली दोरी बाबांनी सोडली आणि पुन्हा बांधली.

अक्कलकुव्यापर्यंत मोटार, पुढे दीड दिवस पायी. पाडा म्हणजे डोंगराच्या उतारावर लांब लांब विखुरलेली वीसेक घरं. माझी अहिराणी तिथे कुणाला कळत नव्हती आणि त्यांची भिलोरी मला. पहिलं वर्ष मी बहुतेक हातवाऱ्यांवरच काढलं. जवळचं घर रुमलीचं, म्हणजे हाका पोचतील एवढ्या अंतरावर. कुठला पाला खायचा आणि कुठला नाही, हे तिने मला स्वतः चावून दाखवलं.

शाळेत कधी चार मुलं यायची, कधी एकही नाही. रविवारी आम्ही दोघं ओसरीवर बसून उपासना करायचो. मास्तर पूर्ण प्रवचन द्यायचे, जणू समोर शंभर माणसं बसली आहेत. मला सुरुवातीला हसू यायचं, पुढे पुढे रडू. पेरलेलं वचन फुकट जाणार नाही, हे देवाचं आश्वासन त्यांनी शब्दशः धरलं होतं. मी एकदा चिडून विचारलं, पाच वर्षं झाली, कोण आलं? ते पाट्या पुसत होते. म्हणाले, "देव बोललाय म्हणजे होईल. आपण उद्या शाळा उघडायची."

आणि ते उघडायचे, मार्थे. अंगात ताप असला तरी.

सहाव्या पावसाळ्यात तो ताप उतरलाच नाही. रुमलीचा नवरा सिंगा आणि आणखी तिघांनी मास्तरांना झोळीत घालून मोलगीच्या दवाखान्यात न्यायला काढलं. मी मागून चालत होते. वाटेतला नाला दुथडी भरून वाहत होता. सिंगा दोनदा पाण्यात उतरला आणि दोन्ही वेळा मागे फिरला. दुपारपर्यंत आम्ही काठावर बसून राहिलो, पाणी ओसरायची वाट बघत. तिथेच ते गेले.

तुम्हाला कुणालाच निरोप धाडता येईना. पाड्यातल्या माणसांनी पावसात खड्डा खणला. सिंगाने मला विचारलं, तुमच्यात कसं करतात, डोकं कुठल्या बाजूला? मला आपल्या आजोबांची माती आठवली. पाय उगवतीला, मी म्हणाले. मातीच्या वेळचे शब्द म्हणायला पाळकसाहेब नव्हते, म्हणून मीच पुस्तक उघडून वाचलं. मराठी कुणाला समजत नव्हतं, तरी माझं वाचून होईपर्यंत एक माणूस जागचा हलला नाही.

पाऊस संपल्यावर बाबा मला न्यायला आले. तेवढं अंतर चालून त्यांचे पाय सुजले होते. मी शहाद्याला आले, दोन महिने राहिले, हे तुला ठाऊकच आहे. मिशनच्या देवळात सगळ्यांनी मिळून गायलेलं गीत पाच वर्षांनी ऐकलं आणि मी मध्येच खाली बसले. बायका माझा हात हातात घेऊन बसायच्या. मी परत जाते म्हटल्यावर बाबा म्हणाले, "तठे तुन्हं कोण शे?" देवाने स्वप्नात येऊन मला बोलावलं, असं लोक पुढे सांगू लागले. तसं काही झालं नव्हतं. चार मुलं चौथीला पोचली होती आणि त्यांना परीक्षेला न्यायला कुणी नव्हतं, एवढंच. मिशनने मला तात्पुरतं नेमलं. ते तात्पुरतं अजून चालू आहे.

एकटीने उपासना करणं फार अवघड. स्वतःचाच आवाज परका वाटतो. मी गीत म्हणायची, मास्तरांच्या वहीतलं एक प्रवचन वाचायची, प्रार्थना करायची आणि स्वतःच आमेन म्हणायची. गेल्या होळीला सगळा पाडा घुंगरं बांधून, मोरपिसं लावून काठीला नाचायला गेला. मागे राहिले मी आणि कोंबड्या. त्या रविवारी मी गीताची पहिली ओळ म्हटली आणि थांबले. कुणासाठी? पुस्तक मिटून ठेवलं. परत आल्यावर रुमलीने माझ्या गळ्यात साखरेच्या गाठ्यांची माळ घातली. मी हसले, पण पुढचे तीन रविवार पुस्तक उघडलं नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बाबांना वाचून दाखवू नकोस.

चौथ्या रविवारी सकाळी रुमली दारात आली. एवढ्या वर्षांत आता तिची भिलोरी मला आपल्या बोलीसारखी कळते. तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि विचारलं, "गात का नाहीस? बरी आहेस ना?"

मी म्हटलं, तुला ऐकू येतं?

"रोज येतं का? आठ दिवसांनी येतं. तू गायला लागलीस की मी पोरांना गप्प करते. मास्तर होता तेव्हापासून."

ती ओसरीवर बसली, सुपात उडीद घेऊन. म्हणाली, "गा. मी बसते."

मी गायले. आवाज फाटत होता. तिने डोळे मिटले नाहीत, हात जोडले नाहीत, उडदातले खडे वेचत राहिली. आमेन झाल्यावर सूप उचलून गेली. तेव्हापासून ती बहुतेक रविवारी येते. तिच्या मनात काय आहे, मी विचारलेलं नाही. विचारायची घाई मला आता वाटत नाही. एकटं अजूनही वाटतंच, मार्थे, विशेषतः संध्याकाळी. मास्तरांनी जे होईल म्हटलं होतं, ते मीही अजून पाहिलेलं नाही. उद्या शाळा मात्र उघडायची आहे.

तू लिहिलंस, आता कायमची ये, तुझी खोली रंगवून ठेवली आहे. मी नाताळाला येईन, आठ दिवस राहीन. खोली तुझ्या पोरींना देऊन टाक. काल रुमलीला सांगितलं, मी शहाद्याला जाऊन येते. ती लिंपण करत होती. वर न बघता तिने विचारलं, "मग घरी कधी येशील?"