वेंडेल प्रुइटची एकच इनिंग

वेंडेल प्रुइट आमच्या बेसबॉल टीममध्ये जेमतेम तीन तास होता. सकाळी दुसऱ्या टीमशी त्याची अदलाबदल झाली, आणि दिवसभर पिकअप हाकत सगळं नेब्रास्का तुडवून तो संध्याकाळी साडेसहाला मैदानावर टेकला. वय चौतीस, गुडघे कुरकुरणारे. आमचा शर्टही त्याला दुसऱ्याच कुणाचा मिळाला, पोटावर ताणलेला.

"हे पोट सौद्यात धरलंय की वेगळं?" मी विचारलं. मी अर्ल, पिचरांचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांचा कोच, आणि जीभ पहिल्यापासून तिखट.

"पोट फुकट, कोच. हात तेवढा विकत घेतलाय तुम्ही."

आमचा मॅनेजर लाइल बोमन मात्र हसला नाही. "आज एक इनिंग नीट टाक. नाही जमलं तर उद्या घरी."

असल्या छोट्या लीगमध्ये नोकरी म्हणजे एवढीच. आणि चौतिसाव्या वर्षी वेंडेलला दुसरीकडे कुणी विचारणार नव्हतं.

आठव्या इनिंगला आम्ही एका रनने पुढे होतो. लाइलने वेंडेलला चेंडू टाकायला बोलावलं. पहिल्याच बॅटरने चेंडू भिंतीपर्यंत पिटाळून दुसरा बेस गाठला. कोणता चेंडू टाकायचा ते बॅटरमागे बसलेला कॅचर पिचरला बोटांच्या खुणांनी सांगतो, आणि दुसऱ्या बेसवर उभ्या राहिलेल्याला ती बोटं सरळ दिसतात. म्हणून कॅचर लागोपाठ तीन खुणा दाखवतो आणि खरी एकच असते. आमच्यात दुसरी खरी.

आमचा कॅचर ऑर्लांडो, बावीस वर्षांचा, हळू, वळणाऱ्या कर्व्हची वाट बघत बसला. आला फास्टबॉल, तो थेट त्याच्या ग्लोव्ह नसलेल्या उघड्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज मला डगआउटच्या बाकावर ऐकू आला. चेंडू घरंगळत गेला, दुसऱ्या बेसवरचा पळत आला, आणि रन झाला.

वेंडेलला आमच्या खुणा कुणी सांगितल्या होत्या? ते काम माझं! मी त्याच्या पोटावरून विनोद करत बसलो, शेंगा खाल्ल्या, आणि साफ विसरलो. तीस वर्षं या धंद्यात काढून अक्कल शून्य.

आम्ही धावत गेलो. ऑर्लांडोचा अंगठा भलतीकडेच वळला होता. लाइल वेंडेलवर ओरडला, "अर्लने तुला खुणा सांगितल्या नव्हत्या?"

वेंडेलने माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा पांढराफटक पडला असणार.

"सांगितल्या होत्या," तो म्हणाला. "मीच जुन्या टीमसारखी पहिली खूण धरली."

लाइलने चेंडूसाठी हात पुढे केला. "उद्यापर्यंत थांबूच नकोस. आत्ताच नीघ."

मी तोंड उघडलं, आणि मिटलं. मलाही साठाव्या वर्षी दुसरीकडे कुणी विचारणार नव्हतं. लाज वाटते सांगायला, पण खरं हेच.

चेंडू देऊन वेंडेल माझ्या शेजारून गेला. तो रागावलाही नव्हता, तेच सहन होईना.

"कोच," तो हळूच म्हणाला, "पुढचा येईल ना, त्याला आधी सांगा."